राज्य कुणावर

त्या हिवाळ्यात तिबिलिसीत वीज यायची
लांबच्या नातेवाइकासारखी,
न कळवता, रात्री दोनला,
आणि चहाला आधण येईपर्यंत निघूनही जायची.

म्हणून चौथ्या मजल्यावर
मक्वालाबाईंच्या रॉकेलच्या शेगडीभोवती
आम्ही खेळायचो तो खेळ.
त्याचं नाव रोज बदलायचं.
सोमवारी ‘उंटाची बहीण’,
गुरुवारी नुसतंच ‘नाही’.

लागायचे नऊ अक्रोड,
त्यातला एक पोकळ, कुठला ते सांगायचं नाही,
ट्रामचं जुनं तिकीट,
बुद्धिबळातला एक काळा उंट,
आणि कोटाचं बटण. ते मात्र टेबलाखाली,
म्हणजे त्याला काही ऐकू जाणार नाही.

नियम अर्शाककाका सांगायचे.
ते घड्याळं दुरुस्त करायचे,
त्यामुळे त्यांच्यावर विश्वास ठेवणं भाग होतं.
‘खिडकी’ म्हणेल तो बाद.
बाद झाला त्याला दोन डाव जास्त.
डावखुऱ्यानं उंट सरकवायचा,
उरलेल्यांनी उंटाची माफी मागायची.
जिंकलेला अक्रोड शेजाऱ्याला द्यायचा,
आणि शेजारी नको म्हणाला
तर त्याच्या नावानं सगळ्यांनी खोकायचं.
खोकायला तेव्हा कुणालाच
फार कष्ट पडत नसत.

मी आठ वर्षांची, म्हणजे लिंबूटिंबू.
सगळे नियम पाठ असलेली मी एकटीच,
आणि म्हणून रोज हरायचे.

एकदा गुराममामा उठून उभे राहिले.
पूर्वी ते विद्यापीठात कायदा शिकवायचे,
आता पुलावर सुट्या सिगारेटी विकायचे.
म्हणाले, हे कलम कालच्या कलमाशी
सपशेल विसंगत आहे.
अर्शाककाकांनी चष्मा पुसला.
‘कालचं कलम काल होतं.
काल पाव कितीला होता, गुराम?’
गुराममामा खाली बसले.
उंटाची माफी मागितली, दोनदा.

त्सियालाबाई जानेवारीत पहिल्यांदा खाली आल्या.
त्यांचा वाखो सप्टेंबरात समुद्राकडे गेला होता
दुसऱ्याची बंदूक आणि माझ्या बाबांचे बूट घेऊन.
त्यांनी नियम विचारले नाहीत.
शाल नीट केली, म्हणाल्या,
‘माझ्या डावीकडची खुर्ची पण खेळतेय.’

मक्वालाबाई शेगडीची वात खालीवर करत राहिल्या.
अर्शाककाका म्हणाले, ‘अर्थात.
राज्य तिच्यावरच तर आहे.’

मग आम्ही खुर्चीची वाट पाहिली.
पाच मिनिटं, दहा मिनिटं.
खाली कुणीतरी बाक फोडत होतं जळणासाठी.
माझं नाक गळत होतं, पण पुसणं म्हणजे चाल झाली असती.

शेवटी गुराममामा पुटपुटले, ‘वा.’
‘काय झालं?’ मी विचारलं.
‘चाल केली की तिनं. पाहिली नाहीस?’
मी पाहिली, असं सांगितलं.
‘तो नेहमी घाई करतो,’ त्सियालाबाई म्हणाल्या,
आणि एक अक्रोड खुर्चीवर ठेवला.

तेवढ्यात वीज आली.
डोक्यावरचा बल्ब पिवळा, उघडानागडा,
आणि त्याखाली आम्ही, काजळी लागलेल्या तोंडांचे,
एकमेकांपेक्षा म्हातारे.

आता सोमवारचा एक नियम होता:
दिवा लागला, की ज्याच्यावर राज्य
त्यानंच उठून तो मालवायचा, बाकीच्यांनी हलायचं नाही.
सगळ्यांनी खुर्चीकडे पाहिलं.
कुणी चहा टाकला नाही.
कुणी इस्त्री काढली नाही, कुणी रेडिओ लावला नाही,
एवढी वीज नुसती डोक्यावर जळत राहिली.

साडेतीनला दिवा गेला.
‘रडीचा डाव,’ अंधारात त्सियालाबाई म्हणाल्या,
नाक ओढलं, आणि अक्रोड गोळा करायला लागल्या.
चाचपून मोजले.
दहा भरले.

‘काल नऊ होते,’ गुराममामा म्हणाले.
‘काल,’ अर्शाककाका म्हणाले.